पाणी न लागलेला चष्मा

"मुतारीची कडीच जिंकणार," मुबारक म्हणाला. "माझी किटली लावतो पैजेवर."

"चष्मा," मी म्हणालो. "नानांचा चष्मा असल्या दहा कड्या लोळवतोय."

हे सगळं नानांच्या तोंडावर चाललं होतं. सिद्राम नाना त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसलेले, मांडीवर कुणाच्या तरी लग्नातला शालू. त्याला उदबत्तीनं भोक पडलं होतं आणि नाना ते रफू करत होते. त्याच शालूच्या काठातनं धागा काढायचा, तोंडात ओला करून सुईत ओवायचा आणि भोकावर असा विणायचा, की भोक कुठं होतं ते मालकिणीलाही सापडू नये. तासगावात हे काम जमणारे तेवढेच एक. आणि तेही एका डोळ्यावर. उजव्या डोळ्यात लहानपणी देवी येऊन फूल पडलेलं. जे काय दिसायचं ते डाव्यानं.

"माझ्या चष्म्याला काय रोग झालाय?" नानांनी मान वर न करता विचारलं.

"रोग कुठला? बारा वर्षांत पाणी न्हाई लागलं त्याला, तुम्हीच सांगता की."

"न्हाईच लागलं. काचेला पाणी लावलं की डाग पडतात. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधीची थुंकी, ती लावायची. शिळी थुंकी म्हंजे औषध हाय. थोडी काचेला, थोडी डोळ्याला. पासष्ट वर्षाचा हाय मी, अजून सुईत दोरा मीच ओवतो. तुझ्या बापाला पन्नाशीत ओवता येत नव्हता."

"माझ्या बापाला पन्नाशीत सुईच दिसत न्हवती," मी म्हणालो, आणि बोळ हसला.

आमच्या बोळाला सातनळाचा बोळ म्हणतात. चौकात एका ओळीत नगरपालिकेचे सात नळ, नळाच्या पलीकडं सार्वजनिक मुतारी, अलीकडं मुबारकचं चहाचं खोकं, त्याला लागून माझं सायकल-पंक्चरचं दुकान आणि समोर नानांचा ओटा. पंधरा-सोळा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि माझा खरा धंदा पंक्चरचा नव्हताच. खरा धंदा लोकांची टोपी उडवायचा. एकदा मी नगरपालिकेचा आवाज काढून गणपतीच्या स्पीकरवरनं जाहीर केलं होतं, की पुढच्या महिन्यापासून मिशीवर कर बसणार. दुसऱ्या दिवशी तिघं जण मिशी काढून आले. त्यातला एक नगरपालिकेतलाच शिपाई होता.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी पैज ठरली. चष्मा जास्त घाण की मुतारीची कडी. निवाडा करायला माणूस पण बोळातलंच सापडलं. प्रभा हुपरे. एस.टी. स्टँडजवळच्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला अशी कडक, की मी पण तिला ताईच म्हणायचो.

"दोन वाट्या शिल्लक आहेत माझ्याकडं, मुदत संपत आलेल्या," ती पिशवी खांद्याला लावून घरी चालली होती, तशीच थांबून म्हणाली. "त्यात लाल जेली असते. कापसाची काडी चष्म्यावर फिरवायची आणि जेलीवर ओढायची. दुसरी काडी कडीवर. दोन दिवस गरम पेटीत ठेवलं की जे काय असेल ते उगवून दिसतं. रविवारी सकाळी चौकात दाखवते."

"आणि हरला त्यानं काय करायचं?" मुबारकनं विचारलं.

"नाना हरले तर नळाखाली बसायचं," मी म्हणालो, "आणि आख्ख्या बोळाचे चष्मे साबण लावून धुवायचे. सुरुवात स्वतःच्या चष्म्यापासून."

"आणि तू हरलास तर तू धुवायचे," नाना म्हणाले. "आणि धुताना तोंड बंद ठेवायचं. एक शब्द बोलायचा न्हाई."

"ते न्हाई जमायचं त्याला," घरातनं अनसाकाकूंचा आवाज आला. त्या नानांच्या बायको. पुन्हा सगळे हसले.

मी हरायचा माणूस नव्हतो. रात्रभर डोक्यात तेच. समजा नानांच्या थुंकीत खरंच काय गुण असला तर? समजा कडीवर जास्त उगवलं तर? आणि मी नळाखाली तोंड मिटून बसलोय आणि मुबारक बाकड्यावरनं मजा बघतोय. शुक्रवारी सात वाजता मी दुकान उघडलं तेव्हा नाना आंघोळीला गेलेले. चष्मा ओट्याच्या कोनाड्यात काढून ठेवलेला. काळी जाड चौकट, एका काडीला दोऱ्याचा गुंडाळा, नाकावर टेकतात त्या दोन चकत्यांच्या मागं हिरवट काळं किटण. कानाच्या आकड्याला घामाचं पांढरं मीठ.

माझ्या दुकानात पंक्चर बघायची पाटी असते. ट्यूब फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला की भोक सापडलं. पाटीतलं ते पाणी मी नागपंचमीला बदललं होतं आणि आता दसरा होऊन गेलेला. त्यात पंक्चर चिकटवायचं सोल्युशन, रबराचा भुगा, लोकांच्या तंबाखूच्या पिचकाऱ्या. कडेला बुळबुळीत थर, बोट फिरवलं तर घसरायचं.

मी चष्मा उचलला. पाटीत चकत्यांपर्यंत बुडवला, दोनदा हलवला, झटकला, बनियनला टिपला आणि परत कोनाड्यात. कोनाड्यात ठेवताना मला इतकं हसू येत होतं, की मी तोंडात रुमाल कोंबला.

साडेआठला प्रभाताई कामावर जाता जाता आल्या. सगळा बोळ जमलेला. एक काडी कडीवर फिरवली, एक चष्म्यावर, चकत्यांच्या आतनं, कानाच्या आकड्यांवरनं. दोन्ही वाट्यांवर पेननं लिहिलं आणि पिशवीत टाकल्या.

"हात लागला न्हाई ना कुणाचा चष्म्याला?" त्यांनी विचारलं.

"बारा वर्षांत माझ्याशिवाय कुणाचा लागलेला न्हाई," नाना म्हणाले आणि चष्मा चढवला.

मग त्यांनी अंगठा जिभेवर ठेवला, काच पुसली. आतनं पण पुसली. शालू मांडीवर घेतला. दोरा तोंडात ओला केला. दुपारी चारच्या सुमाराला मी ट्यूब घासत बसलो होतो, तेव्हा जरीचा एक तुकडा उडाला असावा. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच अंगठ्यानं डावा डोळा खसाखसा चोळला. मग पापणी ओढून पुन्हा चोळला. काकूंनी सांगितलं पाण्यानं धुवा, तर म्हणाले, "पाणी नको." अंगठा जिभेला लावून डोळ्यात थुंकी घातली.

हे मी समोर बसून बघितलं. बघून मला आनंदच झाला. म्हटलं, घाला, अजून घाला, रविवारी बघू.

शनिवारी सकाळी नाना ओट्यावर नव्हते. काकू झाडत होत्या.

"नाना कुठं?"

"आडवे पडल्यात. डोळा लालभडक झालाय. उजेड सोसत न्हाई म्हणतात."

"डोळे आले असतील. साथ हाय," मी म्हणालो. साथबिथ काही नव्हती.

आत डोकावलो. खोलीत खिडकी लावून अंधार केलेला. नाना भिंतीकडं तोंड करून पडलेले, डाव्या डोळ्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी.

"दिगू का?" त्यांनी आवाजावरनं ओळखलं. "काय न्हाई रे, जरीचा कण गेला असणार. सकाळी दोनदा थुंकी लावलीय. उतरंल."

"नाना, डॉक्टरकडं जाऊ या की."

"शनिवारी कशाला? सोमवारी तो शालू द्यायचाय, अर्धा झालाय. उद्या तुझी पैज बघायला तर मी उठणारच."

त्यांनी घडी काढून मला दाखवायला म्हणून डोळा उघडला. पापणीच्या कडेला पिवळा पू चिकटलेला. डोळ्यातला सगळा पांढरा भाग लाल, आणि बुबुळाच्या मधोमध, बाजरीच्या दाण्याएवढा, काहीतरी करडा ठिपका. मी जास्त वेळ बघू शकलो नाही.

बाहेर आलो. दुकानात बसलो. मुबारकनं चहा दिला, तो तसाच गार झाला. मग मी उठलो, पाटी उचलली आणि ते सगळं पाणी गटारात ओतलं. आत राख टाकली, काथ्यानं घासली, साबण लावला, पुन्हा घासली. नळाखाली तीनदा विसळली. इतकी चकचकीत पाटी बोळानं कधी बघितली नव्हती.

"लग्न-बिग्न हाय काय तुझ्या पाटीचं?" मुबारक म्हणाला.

"डास झाले होते," मी म्हणालो.

रविवारी सकाळी सातला काकू दारात आल्या. पदराचं टोक हातात पिळत होत्या. काकू कधी दुकानाच्या पायरीवर यायच्या नाहीत.

"दिगंबर, गाडी बघ. त्यांना डोळाच उघडवंना. रात्रभर डोकं धरून बसलेत. आन् डोळ्यात," त्या थांबल्या, "डोळ्यात पांढरं पडलंय. उजव्यासारखं."

रिक्षा केली आणि मिरजेला निघालो. मिरजेला डोळ्यांचे दवाखाने आहेत, रविवारीही एक चालू असतो. वाटेत नाना काकूंचं मनगट घट्ट धरून होते. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसलो. काकू केसपेपर काढायला खिडकीपाशी गेल्या.

"दिगू," नाना म्हणाले, "समोर काय हाय भिंतीवर?"

"कॅलेंडर हाय नाना."

"कसलं?"

"बी-बियाण्याच्या कंपनीचं. एक बाई टोपलीत वांगी घेऊन उभी हाय."

"वांगी कसली, काळी का हिरवी?"

"काळी."

"हां. काहीतरी बोलत राहा तू. टिंगल कर कुणाची तरी. तू गप्प बसलास की मला वाटतंय खरंच काहीतरी झालंय."

मी कॅलेंडरवरच्या तारखा मोठ्यानं वाचायला लागलो.

डॉक्टर बाई होत्या. रेगे मॅडम. तरुण होत्या, पण हात अगदी सावकाश. त्यांनी नानांची हनुवटी त्या यंत्रावर ठेवली, निळा उजेड टाकला आणि बघायला लागल्या. खूप वेळ बघत होत्या. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याला दिसतं का काही?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "हाच एक."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते लिहिलेलं दोनदा गिरवलं.

"बुबुळावर जखम आहे, आणि त्यात जंतू गेलेत. शेतात काम करता का? उसाचा पाला वगैरे लागला?"

"न्हाई."

"विहिरीत, तळ्यात आंघोळ? डोळ्यात कुठलं पाणी गेलं? साठलेलं, गटाराचं, काहीही?"

"पाणी न्हाई मॅडम," नाना म्हणाले. "मी पाणी लावतच न्हाई. थुंकी लावतो."

मॅडमनी डोळे मिटून उघडले. "थुंकी परत लावायची नाही. कधीच. तोंडात काय काय असतं तुम्हाला माहीत नाही. चष्माही द्या, तो पण घालायचा नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण थुंकीनं दोन दिवसात एवढं... फार जोरात चाललंय हे." त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण? मुलगा?"

"शेजारी."

"तुमच्या लक्षात येतंय का काही? कुठलं पाणी, काही औषध, झाडपाल्याचा रस? आठवून सांगा. कुठला जंतू आहे त्यावर औषध ठरतं. जखमेतला नमुना घेतलाय, पण त्याचा रिपोर्ट मंगळवारी येणार. तोपर्यंत मला अंदाजानं चालायचंय."

मी तिथं उभा होतो. मॅडम, काकू, आणि नाना, ज्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली होती. सगळे माझ्या तोंडाकडं.

"न्हाई," मी म्हणालो. "काय आठवत न्हाई."

नानांना भरती करून घेतलं. दर तासाला थेंब. काकू तिथंच थांबल्या. मी दुपारी बाराच्या एस.टी.नं तासगावला परत आलो.

दुकानापुढं प्रभाताई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. सकाळी चौकात लोक जमले होते म्हणे वाट्या बघायला, पण नानांना नेल्याचं कळलं आणि सगळे पांगले.

"आत चल," त्या म्हणाल्या.

आत टेबलावर त्यांनी दोन वाट्या ठेवल्या. झाकण उघडलं नाही. कडीच्या वाटीत लाल जेलीवर पांढरे, पिवळे ठिपके. बरेच. दुसऱ्या वाटीत ठिपके नव्हतेच. सगळ्या जेलीवर साय धरल्यासारखा करडा-हिरवा पसारा, मधनं धातूसारखी चमक. आणि झाकण बंद असूनही दुकानात एक वास सुटला. गोडसर.

"कसला वास आहे सांग."

तासगावच्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. बेदाणा करायला टाकलेली द्राक्षं पावसानं भिजून आंबायला लागली, की शेडमध्ये येतो तो.

"द्राक्षाचा."

"हा एकाच जंतूचा वास असतो. मी अकरा वर्षं वाट्या बघते. माणसाच्या कातडीवर, नाकावर, कानामागं जे असतं ते ह्या वाटीसारखं," त्यांनी कडीची वाटी सरकवली, "पांढरे, पिवळे ठिपके. नानांच्या चष्म्यावर पण तेच यायला हवं होतं, ढिगानं. हा दुसरा आहे तो पाण्यातला. साठलेल्या, कुजलेल्या पाण्यातला. जेलीवर सगळ्यांना खाऊन एकटाच पसरलाय."

मी कडीची वाटी परत त्यांच्याकडं सरकवली.

"बारा वर्षं पाणी न लागलेला चष्मा, दिगूदादा. त्याच्यावर पाण्यातला जंतू आला कुठनं?"

बाहेर मुबारक किटली घासत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कोपऱ्यातल्या पाटीकडं बघितलं. पाटीत खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि ती आरशासारखी दिसत होती.

"पाटी घासलीस," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. सातला दुकान उघडलं इथपासनं, बनियनला टिपला इथपर्यंत. सांगताना रुमाल तोंडात कोंबला होता तेही सांगितलं. ते का सांगितलं कुणास ठाऊक.

प्रभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वाट्या पुन्हा पिशवीत घातल्या.

"मला कशाला सांगतोस? मी काय त्यांच्या डोळ्यात थेंब घालणार आहे? गाडी काढ. ही पिशवी मॅडमच्या हातात द्यायची आणि हेच सगळं बोलायचं. उलटी होऊ देऊ नको, झाकण उघडू नको."

माझी एम-एटी होती. पिशवी हँडलला लावली तर वाट्या आपटतील म्हणून गळ्यात अडकवली, छातीशी. मिरजेपर्यंत तो वास नाकात येत होता. खरा येत होता का मला वाटत होता, आता सांगता येत नाही. सांगलीच्या नाक्यावर सिग्नलला थांबलो तर शेजारच्या स्कूटरवरचा माणूस बघून हसला. ओळखीचा होता. "काय दिगूशेठ, आज कुणाची टोपी उडवायला?" म्हणाला. मी सिग्नल सुटायच्या आधीच गाडी पुढं काढली.

रेगे मॅडम जेवायला बसल्या होत्या. डबा बाजूला सारून त्यांनी वाटी उजेडात धरली, झाकणाच्या कडेनं बघितली. मी बोलत होतो. त्या मध्ये काही विचारत नव्हत्या. माझं झाल्यावर त्यांनी फोन उचलला आणि खाली कुणाला तरी चालू थेंब बंद करायला सांगितलं, दुसरे तयार करायला सांगितले, दर पंधरा मिनिटांनी. औषधाचं नाव दोनदा अक्षरं फोडून सांगितलं.

फोन ठेवला.

"सकाळी इथंच उभे होतात ना तुम्ही? मी विचारलं तेव्हा?"

"हो."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "पाच तास," म्हणाल्या. शिव्या दिल्या नाहीत. डबा झाकून जिना उतरून गेल्या.

मी वॉर्डात गेलो. नाना खाटेवर उताणे पडलेले, डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. काकू पायाशी. नर्स नवीन बाटली घेऊन आली आणि काकूंनी पापणी ओढून धरली.

"कोण आलंय?" नानांनी विचारलं.

"दिगंबर आलाय परत."

"परत कशाला आलास रे एवढ्या उन्हाचा?"

"ते," मी म्हणालो, "काकूंना डबा आणायचा राहिला होता."

माझ्या हातात डबा नव्हता. काकूंनी ते बघितलं.

एकोणीस दिवस नाना मिरजेला होते. बुबुळ फुटलं नाही, ते औषधानं वाचलं. मॅडम म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर डोळा काढावा लागला असता. पण जखम भरली तिथं पांढरा डाग राहिला, अगदी मधोमध. नानांना उजेड कळायचा. समोर माणूस आहे हे कळायचं. कोण आहे ते कळायचं नाही. बुबुळ बदलायच्या यादीत नाव घातलं होतं, पण नंबर कधी लागेल ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं. तो शालू काकूंनी मालकिणीला तसाच परत दिला, अर्धं भोक विणलेलं, अर्धं उघडं.

नाना घरी आले त्या संध्याकाळी प्रभाताई दुकानात आल्या.

"पैजेचा निकाल राहिलाय," म्हणाल्या. "लोक मला विचारतायत. मी सांगणार नाही. रविवारी चौकात तूच सांग."

रविवारी सकाळी नवाला मी नळाखाली पाट टाकला आणि बसलो. दोन बादल्या, साबणाची वडी, पांढऱ्या मलमलीचे तुकडे. मुबारकला हाक मारून सांगितलं, बोळातल्या सगळ्यांना चष्मे घेऊन बोलव.

लोक आले. म्हातारे आले, शाळेतल्या बाई आल्या, पिठाच्या गिरणीवाला आला. एकेकाचा चष्मा घ्यायचा, नळाच्या धारेखाली धरायचा, साबण बोटानं काचेवर, चकत्यांच्या मागं, कानाच्या आकड्यावर फिरवायचा, धुवायचा, मलमलीनं कोरडा करून द्यायचा. गिरणीवाल्याच्या चष्म्यातनं पिठाचा अख्खा गोळा निघाला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगोबाई, ही काच पिवळी नव्हती होय?" थोडं हसू झालं.

"पण निकाल काय लागला?" मुबारक म्हणाला. "प्रभाताई सांगत न्हाईत. पण चष्म्यावर जास्त उगवलं असं लॅबमधनं कळलंय. मग जिंकला तू. जिंकलेला माणूस का धुतोय?"

मी पुढचा चष्मा घेतला. तोंड उघडलं नाही. पैजेत तेच ठरलं होतं, धुताना बोलायचं नाही, आणि मी त्या अटीच्या मागं लपलो. चष्म्यामागून चष्मा. वीस झाले, एकवीस झाले. म्हटलं, सगळे होऊ देत, मग सांगू. मग म्हटलं, प्रभाताईंनी मान हलवली की सांगू. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या आणि मान हलवत नव्हत्या.

मग गर्दी बाजूला झाली. काकू नानांच्या कोपराला धरून आणत होत्या. पांढरी लुंगी, स्वच्छ सदरा. हातात दवाखान्यातनं परत मिळालेला चष्मा.

"हा पण धू," नाना म्हणाले.

मी घेतला. दोनदा साबण लावला, तीनदा विसळला. चकत्यांच्या मागचं किटण नखानं काढलं. त्याची नवी चमक बघून कुणीतरी मागं हळूच "बघा" म्हणालं. मलमलीनं पुसून मी तो नानांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटानं काडी चाचपली, चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडं तोंड केलं. आमच्यात दोन हाताचं अंतर होतं.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी, नाना. दिगू."

"दिगू. हां." त्यांनी नाकावरच्या चकतीला बोट लावलं. "त्या दिवशी सकाळी चढवला तेव्हा ह्याला रबराच्या सोल्युशनचा वास येत होता. मी म्हटलं, समोर दुकान हाय, वारा आला असंल. नंतर दवाखान्यात काय काम नव्हतं. पडल्या पडल्या आठवत बसलो."

काकूंनी त्यांचा कोपर सोडला नव्हता.

"धुऊन झाले सगळे?" नाना म्हणाले.

"झाले."

"मग आता बोलायला हरकत न्हाई. मुबारक मघापासनं विचारतोय. जिंकलेला माणूस चष्मे का धुतोय, ते ह्या सगळ्यांना सांग. मोठ्यानं सांग. मला तोंडं दिसत न्हाईत कुणाची, निदान ऐकू तरी येऊ दे."

मी उठलो नाही. हात मागं करून नळ बंद केला आणि पंक्चरच्या पाटीपासनं सुरुवात केली. मधनं आवाज गेला तेव्हा नाना म्हणाले, "पुढं." मिरजेच्या त्या खोलीत मॅडमनी विचारलं आणि मी न्हाई म्हणालो, ते सांगताना काकूंनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

माझं सांगून होईपर्यंत चौकात एकवीस जणांच्या हातात धुतलेले चष्मे होते. एकानंही डोळ्याला लावला नाही.